रात्री अडीच वाजता खाटेपाशी कोण असते

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदा बऱ्यापैकी क्रमांकाने नीट-पीजी उत्तीर्ण झाली आणि पसंतीक्रम भरण्याच्या तयारीसाठी चार दिवस आमच्याकडे येऊन राहिली. तिला इमर्जन्सी मेडिसिनमध्ये, म्हणजे आपत्कालीन वैद्यकशास्त्रात, एमडी करायचे आहे आणि त्याबद्दल तिच्या मनात जराही चलबिचल नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. प्रश्न होता तो रुग्णालयाचा. तिने एका मोठ्या कागदावर तक्ता आखला होता: आपत्कालीन विभागातल्या खाटा, रोज येणारे रुग्ण, विद्यावेतन, वसतिगृहाची सोय, बंधपत्राची वर्षे, मध्येच सोडल्यास भरावा लागणारा दंड. "मावशी, यातलं शिकायला सगळ्यात चांगलं हॉस्पिटल कुठलं, तेवढं तू सांग," असे म्हणून तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी तो दोनदा वाचला. ज्या गोष्टीवरून मला उत्तर द्यायचे होते, तिच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

मी मेडिसिनची डॉक्टर आहे आणि गेली सत्तावीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते आहे. मी निवासी डॉक्टर होते तेव्हा आपल्याकडे ही शाखाच नव्हती. होती ती कॅज्युअल्टी. रात्री तिथे एक सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी, आणि एखादा इंटर्न असे. आलेल्याचा केसपेपर काढायचा, एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद लागणारे प्रकरण, असेल तर पोलिसांना कळवायचे, सलाइन लावायचे आणि कॉल द्यायचा, म्हणजे वरच्या विभागातल्या डॉक्टरला बोलवायचे, एवढेच त्यांचे काम. कॉल मेडिसिनला जाई. मेडिसिनचा हाऊसमन खाली येऊन 'सर्जरीचे मत घ्यावे' असे लिही. सर्जरीचा येऊन 'आधी ऑर्थोला दाखवावे' असे लिही. आणि या सगळ्या लेखी देवाणघेवाणीत ट्रॉली भिंतीलगत जिथे लावली होती तिथेच उभी असे. कोणी कामचुकार होते असे नव्हे. प्रत्येक जण आपल्या वॉर्डातले काम टाकून खाली आलेला असे आणि परत वर पळण्याच्या घाईत असे. रुग्णालयात सर्वांत कमी अनुभव असलेला डॉक्टर, सर्वांत अवघड वेळी, सर्वांत अनोळखी रुग्णापुढे एकटा उभा राही, आणि यालाच आम्ही अनुभव म्हणत होतो.

त्या अनुभवातली एक रात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. १९९६ चा पावसाळा होता, जिल्ह्याच्या ठिकाणचे एक सरकारी रुग्णालय होते. पहाटे चारच्या सुमारास एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा भावाबरोबर आला. रात्री जमिनीवर झोपला होता, पोटात दुखून जाग आली, एकदा उलटी झाली, एवढीच तक्रार. मी पोट तपासले, मऊ होते. नाडी बरी, रक्तदाब बरा. रॅनिटिडीनचे इंजेक्शन दिले, सकाळी ओपीडीत दाखवायला सांगितले आणि ते दोघे पाचच्या सुमारास निघून गेले. सात वाजता भावाने त्याला उचलून परत आणले तेव्हा त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, तोंडात लाळ साचली होती आणि श्वास वरवर चालला होता. तो मण्यारीचा दंश होता. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही, आणि पहाटे पोटदुखी हेच पहिले लक्षण असू शकते. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. दोन इंटर्न आणि त्याचा भाऊ यांनी दीड दिवस आळीपाळीने हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबली आणि तो मुलगा पुढे चालत घरी गेला.

हे मला चौथ्या दिवशी कळले, तेही चहाच्या टपरीवर. आमचे वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, म्हणाले, "मॅडम, तुमचा तो पोटदुखीवाला पोरगा मण्यारीचा निघाला की." सात वाजता तो आला तेव्हा माझी ड्यूटी संपली होती आणि मी वसतिगृहात झोपले होते. ज्यांनी त्याला वाचवले त्यांना तो आधी माझ्याकडे येऊन गेला हे माहीत नव्हते आणि मला सांगण्याची रुग्णालयात कुठली रीतच नव्हती. मामांनी सांगितले नसते, तर पुढच्या पावसाळ्यातही मी पहाटेच्या पोटदुखीला हेच इंजेक्शन देत राहिले असते आणि आपण बरोबर करतो आहोत असे समजत राहिले असते. त्या रात्री माझ्या मागे एखादा जाणता माणूस उभा असता, तर त्याने एवढेच विचारले असते, "पापण्या बघितल्यास का?" चार वाजता त्या जड होऊ लागल्या होत्या की नाही, हे आता कोण सांगणार? मी पाहिल्याच नव्हत्या.

ही अवस्था फक्त आपल्याकडची नव्हती. इंग्लंडमध्ये लीड्स जनरल इन्फर्मरीत १९५२ साली मॉरिस एलिस यांची कॅज्युअल्टीसाठी पूर्णवेळ वरिष्ठ डॉक्टर म्हणून नेमणूक झाली, तोवर तिथल्या कॅज्युअल्टीही कनिष्ठांच्याच भरवशावर चालत. अमेरिकेत रोज एका शाखेचा निवासी डॉक्टर 'इमर्जन्सी रूम'मध्ये पाठवण्याची पद्धत होती. तिथे या विषयाचे पहिले निवासी प्रशिक्षण १९७० साली सिनसिनाटी विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाले, आणि त्या पहिल्या तुकडीत ब्रूस जॅनियाक हा एकच विद्यार्थी होता. एक विद्यार्थी, आणि शिकवणारे सगळे दुसऱ्या शाखांचे, कारण या शाखेत शिकून तयार झालेला गुरू अजून जगात नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकेत या विषयाला तेविसावी वैद्यकीय शाखा म्हणून मान्यता मिळाली.

आपल्याकडचा क्रम मला जास्त विचार करायला लावतो. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली, जवळच्या रुग्णालयाने एमएलसीची परवानगी नाही म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि वाटेत त्याने प्राण सोडले. या घटनेवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निकाल दिला, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, त्याने जखमी माणसाचा जीव वाचवण्याचे काम आधी केले पाहिजे, कागद नंतर. प्रत्येकावर तातडीने उपचार व्हावेत असा कायदा त्या दिवशी झाला. पण ते उपचार कसे करायचे हे शिकवणाऱ्या शाखेला भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता मिळाली ती २००९ साली. मधली वीस वर्षे कर्तव्य होते आणि त्याचे मान्यताप्राप्त शिक्षण नव्हते. २०१३ पासून या विषयात डीएनबी, म्हणजे एमडीच्या तोडीचे राष्ट्रीय मंडळाचे पदव्युत्तर शिक्षणही, सुरू झाले. २०२० च्या नियमांत नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना हा विभाग अनिवार्य झाला, आणि तीनच वर्षांनी, २०२३ च्या नव्या निकषांच्या मसुद्यात तो अनिवार्य विभागांच्या यादीतून गळाला, तेव्हा या शाखेतल्या डॉक्टरांनी उघड विरोध केला. मी त्यांच्या बाजूची आहे. ज्या महाविद्यालयात हा विभागच नाही, तिथला एमबीबीएसचा विद्यार्थी उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा बसणार आहे, आणि त्याच्यापुढेही पहाटे चारला कोणीतरी पोट धरून येणार आहे.

शाखा आल्याने फरक काय पडला, हे मला गेल्या पावसाळ्यात आमच्याच महाविद्यालयात पाहायला मिळाले. उसाच्या फडात पाचट काढताना पायाला घोणस चावलेली एक बाई आली होती. मी मेडिसिनचा कॉल म्हणून खाली गेले तेव्हा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने, विषामुळे रक्त गोठायचे थांबले आहे का हे पाहण्यासाठी, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घेऊन ती उभी ठेवली होती आणि चार-पाच मिनिटांतच तो ती हलवून बघायला निघाला होता. विभागातल्या वरिष्ठ मॅडमनी त्याचे मनगट धरले. "वीस मिनिटं म्हणजे वीस. हलवलीस तर चाचणी गेली. आणि नळी धुतलेली नाही ना? साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही." मग त्या वीस मिनिटांत त्या त्याला एका जागी उभे राहू देईनात. सूज कुठवर आली तिथे पेनने रेघ ओढून वेळ लिहायला लावली. हिरड्या दाखवायला लावल्या. नातेवाइकांनी पोटरीवर करकचून बांधलेल्या चिंधीकडे बोट दाखवून विचारले, "ही आत्ता ओढून काढलीस तर काय होईल?" त्याला सांगता येईना, तेव्हा साचलेले विष एकदम पसरू शकते, म्हणून आधी शीर मिळव, औषध तयार ठेव, मगच ती सोड, हे त्याच्याकडून क्रमाने वदवून घेतले. वीस मिनिटांनी त्याने नळी एकदाच तिरपी केली. रक्त पाण्यासारखे काचेवरून ओघळले. त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. पुस्तकातले वाक्य त्याच्या हातात वाहत होते.

प्रतिविषाच्या दहा कुप्या सुरू करण्याआधी मॅडमनी त्याला अ‍ॅड्रेनलिनची सिरिंज भरून, नाव लिहून उशाशी ठेवायला लावली, कारण प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर शोधाशोध करायला वेळ नसतो. आणि मग त्यांनी जे विचारले ते मला सर्वांत मोलाचे वाटले. "सहा तासांनी हीच चाचणी पुन्हा करायची आहे. तेव्हा तुझी ड्यूटी संपलेली असेल. मग?" तो म्हणाला, "पाळी बदलताना ओव्हरमध्ये सांगीन, मॅडम." "सांगच. आणि रक्त गोठलं की नाही, ते रात्री झोपण्याआधी फोन करून विचार."

माझ्या भाचीच्या तक्त्यात ज्या दोन गोष्टींना जागा नव्हती त्या याच. एक, खाटेपाशी वरिष्ठ माणूस प्रत्यक्ष उभा असणे. दुसरी, पाठवून दिलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे निवासी डॉक्टरला कळणे.

तिचा भर रुग्णसंख्येवर होता आणि तो काही चुकीचा नाही. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम, भायखळ्याचे जेजे, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, अशा ठिकाणी वर्दळ इतकी असते, की रेल्वेखाली आलेला, इमारतीवरून पडलेला, कीटकनाशक प्यालेला, हृदयविकाराचा झटका आलेला, असे रुग्ण एकाच रात्री शेजारी शेजारी येऊ शकतात. हात तिथे लवकर तयार होतात. पण गर्दी स्वतःहून काही शिकवत नाही. ती सवय लावते, आणि चुकीची सवयही तितक्याच पटकन लावते. शंभर वेळा चुकीच्या पद्धतीने श्वासनलिकेत ट्यूब टाकलेला डॉक्टर हा शंभर ट्यूबांचा अनुभवी म्हणून मिरवतो आणि पुढच्या तुकडीला तेच शिकवतो. उलट खासगी रुग्णालयांत डीएनबी करणाऱ्या मुलांची तक्रार असते, की यंत्रसामग्री उत्तम, कॅथलॅब चोवीस तास, सल्लागार डॉक्टर सहज उपलब्ध, पण रुग्ण त्या सल्लागारांचे स्वतःचे असल्यामुळे निवासी डॉक्टरच्या हाती सुई क्वचितच येते. दोन्हीकडे शिकून चांगले झालेले डॉक्टर मी पाहिले आहेत. दोन्हीकडे तीन वर्षे काढून, अस्वस्थ रुग्ण समोर आला की आधी फोन उचलणारेही पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट या शाखेला विशेष लागू आहे. वॉर्डातला निवासी डॉक्टर रुग्णाला दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत पाहतो. आपले निदान चुकले तर तिसऱ्या दिवशी तेच त्याच्यापुढे येऊन उभे राहते. आपत्कालीन विभागातला रुग्ण काही तासांत वर जातो, दुसऱ्या रुग्णालयात जातो किंवा घरी जातो. फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ म्हणून पाठवलेला हृदयविकाराच्या झटक्याचा निघाला, की झटक्याचा म्हणून पाठवलेला महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटलेला निघाला, हे मुद्दाम शोधल्याशिवाय कळत नाही. बाण सोडायचा आणि निशाणाकडे पाठ फिरवून पुढचा बाण घ्यायचा, अशा रीतीने कोणी नेमबाज होत नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण पाहत होते, तेव्हा त्यांच्यापाशी ना मोठा विभाग होता ना यंत्रे. दंश झालेल्याच्या उशाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास कसा बदलत जातो याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला, जो नंतर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खाटेपाशी थांबणे आणि शेवटपर्यंत पाहणे, एवढ्या भांडवलावर कोकणातल्या एका खेड्यात हे घडले.

कामाच्या तासांबद्दलही तिने विचारले. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. प्रत्यक्षात छत्तीस तासांच्या ड्यूट्या अजून लागतात हे घराघरातल्या डॉक्टर मुलांच्या आईवडिलांना ठाऊक आहे. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये पाळ्या असतात, हा या शाखेचा मोठा लाभ आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास जागे होते, यावर मोठा वाद झाला. १९८९ पासून त्या राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली. हे पुष्कळांना माहीत असते. त्याच नियमांत वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीची अटही होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. झोप झालेला पण एकटा पडलेला निवासी डॉक्टर हाही रुग्णासाठी धोकाच आहे, आणि मी १९९६ च्या त्या पहाटे अगदी दमलेली होते असेही नाही.

म्हणून मी तिला सांगितले, की तक्ता राहू दे, यादीतल्या जवळच्या दोन-तीन रुग्णालयांत रात्री जाऊन ये. दिवसा सगळीच रुग्णालये शिकवतात. रात्री दोनच्या पुढे जा, एखाद्या निवासी डॉक्टरला हात मोकळा झाल्यावर विचार: आत्ता तुझ्यापेक्षा वरचं कोण इथे आहे आणि ते कुठे उभे आहेत? परवा तू वर पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं? पाळी बदलताना ओव्हर खाटेपाशी देता की खुर्चीत बसून? एवढे तीन प्रश्न पुरेत.

ती वडिलांना घेऊन गेली. पहिल्या ठिकाणी रखवालदाराने आत सोडले नाही. दुसऱ्या ठिकाणी विभाग नवा आणि लख्ख होता, दोन निवासी डॉक्टर संगणकापुढे नोंदी भरत होते आणि सर फोनवर केव्हाही मिळतात असे त्यांनी अदबीने सांगितले. तिसऱ्या ठिकाणाहून तिने मला रात्री तीन वाजता फोन केला. तिथे रंग उडालेला होता, बोळात दोन ट्रॉल्या होत्या. एक सर स्टुलावर बसून पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातावर हात ठेवून सोनोग्राफीचा प्रोब फिरवत होते, आणि अपघातात पोटाला मार लागलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला आपण काय पाहतो आहोत हे मध्ये मध्ये सांगतही होते.

"मावशी, डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "कोणाचंही नाव नाही, नुसते बेड नंबर. आपण काय म्हणून वर पाठवलं आणि वर काय निघालं, असे दोन रकाने. तीन ठिकाणी लाल पेनानं 'आपलं चुकलं' असं लिहिलंय. त्यातल्या एकाखाली सरांची स्वतःची सही आहे."

मी तिला विद्यावेतन किती आहे ते विचारले. ते विचारायचे तिच्या लक्षातच राहिले नव्हते. हे रुग्णालय तिच्या यादीत अकरावे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पसंतीक्रम उघडला आणि ते पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवले.